पणजोबा दरबारात होते की नाटकात?

पत्र असं आहे (थोडं आटोपशीर करून):

स. न. वि. वि.
नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर आता पाडायला काढलंय. माळा रिकामा करताना लोखंडी ट्रंकेत तीन फोटो सापडले. पहिला मोठा, चौकटीत बसवलेला. दगडी पायऱ्यांवर तेवीस माणसं आहेत. मधे खुर्च्यांवर पागोटी घातलेली मंडळी, त्यातला एक सोला हॅटवाला. पुढे सतरंजीवर दोन मुकुट घातलेले, एक नथवाली बाई, धनुष्य घेतलेला पोरगा आणि एक पेटी वाजवणारा. मोठे काकाजी म्हणतात, हा भोसल्यांच्या दरबारातला फोटो आणि खुर्चीतले तिसरे ते आपले पणजोबा. दिवाणखान्यात हार घातलेला त्यांचा फोटो आहे, त्याच्याशी चेहरा तंतोतंत जुळतो. आत्याबाई (वय ८८) म्हणतात, दरबार कुठचा, गणपतीतलं नाटक होय ते. दोघं यावरून बोलेनासे झालेत. दुसऱ्या फोटोत खुर्चीला हात टेकून एक बाई उभी आहे. काळं लुगडं, डोक्यावरून पदर. घरात सगळे तिला ‘ती विधवा आजी’ म्हणतात, नाव कोणालाच सांगता येत नाही. तिसऱ्यात खाकी हाफपँटमधली बारा-तेरा वर्षांची पोरं आहेत, त्यात आमचे आजोबा आहेत म्हणतात. संघाचा की काँग्रेसचा, यावर पुन्हा वाद. दिवाळीत सगळे जमतील तेव्हा खाली नावं लिहून प्रती वाटायच्या आहेत. कसं ओळखावं?
– तुमची एक वाचक, नागपूर

ताई,

वाद मिटवायच्या आधी चौकट उघडा. त्या काळचे मोठे ग्रुप फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असत आणि खालच्या पट्टीवर प्रसंग, साल, कधी कधी डावीकडून उजवीकडे नावं लिहिलेली असत. चौकटवाल्यांनी ही पट्टी लाकडाखाली दडपली किंवा कापून टाकली. कापली असेल तर इलाज नाही. पण दडपलेली असेल, तर अर्धं उत्तर तुमच्या घरातच दोन बोटं लाकडाखाली पडलेलं आहे. चौकट धुतलेल्या सुती कापडावर पालथी ठेवा आणि मागचे गंजलेले खिळे पकडीने एकेक करून काढा. फोटो काचेला चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा. ओढायचा नाही, पाणी लावायचं नाही. काचेसकट स्कॅन करून घ्या. चेहऱ्यावरचा थर काचेवर राहिला की तो माणूस कायमचा गेला.

आता दरबार. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले १८५३च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. कॅमेरा हिंदुस्थानात आला तोच १८४०च्या सुमारास, कलकत्त्याकडून. त्यामुळे राज्य चालू असतानाच्या नागपूरच्या दरबाराचा, हार्मोनियमसकट असा ग्रुप फोटो असणं शक्य नाही. पण काकाजींचं म्हणणं यामुळे सगळंच खोटं ठरत नाही, हे आत्याबाईंनाही सांगा. राज्य गेलं तरी भोसल्यांचं घराणं महालातच राहिलं. त्यांचा मान, त्यांचे सण चालू राहिले, आणि वाड्यावरच्या बैठकीला लोक पुढेही दरबारच म्हणत आले. पणजोबा तिथे जात असतील. फक्त हा फोटो त्या बैठकीचा दिसत नाही.

हे मी मुकुटांवरून म्हणत नाही, बसण्यावरून म्हणते. त्या काळच्या फोटोत कोण कुठे बसायचं, हे लग्नातल्या पंगतीइतकं ठरलेलं असे. मानाची माणसं खुर्चीत, बरोबरीची मागे उभी, पोरंसोरं आणि धाकटे जमिनीवर. तुमच्या फोटोत पागोटी खुर्चीत आहेत आणि मुकुट सतरंजीवर. ज्या दरबारात राजा जमिनीवर आणि कारकून खुर्चीत, तो दरबार रंगमंचावरचाच असणार. त्यात धनुष्य आणि पेटीवाला. आत्याबाईंचं पारडं जड आहे. मात्र ‘गणपतीतलं’ हा त्यांचा दुसरा शब्द अजून सिद्ध व्हायचाय. शाळेचं स्नेहसंमेलन, एखाद्या कचेरीतल्या हौशी मंडळींचं नाटक, गणपतीतला मेळा, सगळ्यांत असेच पोशाख निघत. एम्प्रेस मिल १८७७पासून होती, पुढे कॉलेजं आली, कचेऱ्या वाढल्या, आणि नाटकाचं वेड सगळीकडेच होतं. सोला हॅटवाल्याला लगेच गोरा साहेब ठरवू नका. आपल्याकडचे ओव्हरसियर, डॉक्टर, रेंजरही ती हॅट घालत. आधी त्याचा चेहरा बघा.

आणि त्या नथवाल्या बाईला एकाही आजीचं नाव देऊ नका, अगदी आत्ता नको. हौशी नाटकांत बायकांची कामं पुरुषच करत, तो काळ फार लांब नाही. भिंगाखाली कपाळाची कड पाहा. टोपाची रेघ तिथे बहुधा सापडते. मनगटं पाहा, पाय पाहा. कानाच्या भोकांवर जाऊ नका, पुरुषही कान टोचून भिकबाळी घालत. तो पुरुष निघाला तर बावीस जणांसारखंच त्यालाही नाव मिळायला हवं. स्त्रीपार्टी करणारी किती तरी माणसं घरच्या फोटोंत अशीच ‘कोणी तरी बाई’ होऊन राहिलीत.

पणजोबांची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. काकाजींचा सगळा आधार दिवाणखान्यातल्या फोटोवर आहे. तर तो फोटो खाली उतरवून, हार काढून, या ग्रुपशेजारी ठेवा. चेहरा नका पाहू. कॉलरची घडी, पागोट्याची वळणं, नाकाच्या कोणत्या बाजूला सावली पडलीय, डोकं किती कललंय, ते पाहा. माणूस गेल्यावर घरात त्याचा एकटा फोटो नसला की स्टुडिओत एखादा ग्रुप फोटो नेत, घरच्यांनी बोट दाखवलेलं डोकं मोठं करून घेत आणि ब्रशाने खांदे, कोट, गरज पडली तर कपाळावरचं गंधही रंगवून घेत. तुमचा हार घातलेला फोटो याच ग्रुपमधून काढलेला असेल, तर चेहरा तंतोतंत जुळणारच. पण मग त्याला पुरावा कसं म्हणायचं? पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणी तरी बोट ठेवलं, एवढंच त्यातून कळतं. ते कोणी ठेवलं, याचा शोध घ्या. पणजोबांच्या बायकोने ठेवलं असेल तर माझ्या लेखी प्रश्न मिटला. त्यांच्या मागे तीस वर्षांनी नातवांनी ठेवलं असेल तर नाही.

दोन्ही फोटो वेगळे निघाले तर मग कान जुळवा. केस जातात, गाल बसतात, मिशा येतात-जातात, पण कानाची ठेवण आणि आतली वळणं फारशी बदलत नाहीत. पागोट्याने कान झाकला नसेल तर तिथून सुरुवात करा. आणि चुलत भावांना विसरू नका. एका घरातले चुलत भाऊ तिशीत एकसारखे दिसतात.

दुसऱ्या फोटोवर मला थांबून लिहायचंय, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी सीताबर्डीवरच्या एका ओळखीच्या घरी असाच फोटो होता. गडद लुगडं, डोक्यावरून पदर, चेहरा गंभीर. मी ठामपणे सांगितलं, हे आलवण आहे, या बाई विधवा आहेत. घरच्यांनी विश्वास ठेवला. पुढे दोन वर्षं त्या घरातल्या मुलींना ‘आपली बालविधवा पणजी’ म्हणून तिची गोष्ट सांगितली गेली. मग मूळ काच, म्हणजे फोटोची काचेवरची निगेटिव्ह, सापडली. चांगल्या उजेडात तिची नवी प्रत काढली तर कपाळावर कुंकू होतं, हातात पाटल्या होत्या आणि लुगड्याला हातभर रुंद काठ होता. तो तिचा लग्नातला शालू होता. जिवंत, सवाष्ण, विशीतल्या बाईचं कुंकू मी पुसलं होतं. घरच्यांची माफी मागितली, पण त्या मुलींच्या डोक्यातली पणजी बदलायला फार वेळ लागला.

कारण साधं आहे. त्या काळात स्टुडिओत वापरायच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल होतं ते फोटोत काळं उतरलं, आणि निळं, आकाशी होतं ते पांढरट. लाल रंगही नीट टिपणाऱ्या काचा आणि फिल्म आपल्या स्टुडिओंत रुळायला १९३०चं दशक उजाडलं. तुमच्या आजीचं ‘काळं’ लुगडं म्हणजे लाल शालू असू शकतो आणि लाल आलवणही असू शकतं, दोन्ही काळीच दिसणार. म्हणून रंग सोडून द्या आणि बाकीचं बघा. आलवण साधं, बिनकाठाचं असे, आणि ते मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या केशवपन झालेल्या विधवांच्या वाट्याला येई. बाकी घरांतल्या विधवा नेहमीचंच लुगडं नेसत, कपाळ मोकळं ठेवून. तेव्हा काठ आहे का पाहा. आपल्या कोष्टी आणि हलबा विणकरांच्या रेशीमकाठी लुगड्यांचा काठ भिंगाखाली लपत नाही. हातात बांगड्या आहेत का? कपाळावर काळा ठिपका किंवा आडवी चिरी आहे का? चोळी पुढे गाठ मारलेली आहे, की बंद गळ्याचं, झालरीच्या बाह्यांचं पोलकं आहे? तसं पोलकं असेल तर विसाव्या शतकाची पहिली वीसेक वर्षं धरून चाला. पदर कोणत्या खांद्यावर आहे तेही पाहा. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरून येतो. तो उजवीकडे दिसला तर एक तर नेसणं गुजराती पद्धतीचं, नाही तर काच उलटी ठेवून फोटो छापलेला. उलटा छापलेला असेल तर तुमच्या ग्रुपमधले ‘डावीकडून तिसरे’ उजवीकडून तिसरे होतात, म्हणून तिथेही पुरुषांच्या कोटाची बटणं कोणत्या बाजूला आहेत ते एकदा तपासून घ्या.

हे सगळं पाहून होईपर्यंत तिला ‘विधवा आजी’ म्हणणं आजपासून थांबवाल? ‘खुर्चीजवळ उभी असलेली बाई’ म्हणा.

खाकीतल्या पोरांचा हिशेब थोडा आकड्यांचा आहे. आत्याबाई ८८च्या, म्हणजे त्यांचे वडील, तुमचे आजोबा, साधारण १९१०च्या आगेमागे जन्मले असतील. फोटोतला मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर साल येतं १९२२-२३. संघ स्थापन झाला १९२५च्या विजयादशमीला. म्हणजे एक तर हा फोटो संघाचा नाही, किंवा तो मुलगा आजोबा नाही, किंवा आजोबांचा जन्म आपण धरतो त्याच्या बराच नंतरचा आहे. शाळेचा दाखला काढा, अंदाजाने भांडू नका. आणि १९२३ म्हटलं की नागपूरकरांच्या तोंडी लगेच झेंडा सत्याग्रह येतो. तीही उडी मारू नका. काँग्रेसचं अधिवेशन इथे १९२०मध्ये झालं, झेंडा सत्याग्रह १९२३मध्ये, पण शाळांतली कवायत आणि स्काउटची पथकंही होती. गळ्यात गाठ मारलेला रुमाल असला तर स्काउटकडे वळा. साल पुढचं निघालं तर संघाच्या गणवेशाचे टप्पे उपयोगी पडतील. सुरुवातीला सदराही खाकी आणि टोपीही खाकी होती, १९३०पासून टोपी काळी झाली आणि १९४०पासून सदरा पांढरा. डॉ. आंबेडकरांच्या समता सैनिक दलाची शक्यताही डोळ्याआड करू नका. पट्ट्याचं बक्कल, बिल्ला, पाठीमागची पाटी, सगळं मोठं करून पाहा. एवढं करूनही ठरलं नाही, तर ‘खाकी गणवेशातली मुलं’ एवढंच लिहा. आज घरात कोण कुठल्या पक्षाचा आहे, यावरून शंभर वर्षांपूर्वीच्या पोराची टोपी ठरवायची नाही, एवढी माझी कळकळीची विनंती.

पाटीचा विषय निघालाच आहे तर नागपूरकरांना एक सोय आहे, ती फार थोड्या शहरांना मिळाली. आपला प्रांतच बदलत गेला. मागच्या पाटीवर ‘मध्यप्रदेश’ दिसलं तर फोटो १९५० ते १९५६ या सहा वर्षांतलाच. ‘सी. पी. अँड बेरार’ असेल तर त्याच्या आधीचा. ‘महाराष्ट्र’ असेल तर १ मे १९६०नंतरचा. इमारतीही अशाच बोलतात. रेल्वे स्टेशनची आजची दगडी इमारत १९२५ची, हायकोर्टाची १९४०ची. तुमच्या त्या दगडी पायऱ्या कुठल्या आहेत, हे महालात चार जुन्या माणसांना विचारलंत तर निम्मं काम होईल.

कपड्यांवरून साल काढताना मात्र एक ध्यानात ठेवा. इंदोऱ्यातल्या एका घरी पांढऱ्या लुगड्यांतल्या चार बायकांचा फोटो होता. मुलगा म्हणे, हा १४ ऑक्टोबर १९५६चा, दीक्षेच्या दिवशीचा, सगळे पांढऱ्यात आहेत बघा. म्हाताऱ्या आईने फोटो डोळ्यांजवळ नेला. चेहरे तिला दिसत नव्हते. पण लुगडं ओळखलं. म्हणाली, “हे माहं होय. दीक्षेले घेतलं होतं. मंग तेच पोरीच्या लग्नात नेसली, दुसरं कुठून आणू?” लुगडं दीक्षेचं, फोटो पुढच्या लग्नातला. मुलाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, आणि आईने जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. कपडा फोटोपेक्षा जुना असतो, कधी एका दिवसाने, कधी वीस वर्षांनी. मागून आणलेलाही असतो. स्टुडिओवाले तर खुंटीवर एक कोट आणि टोपी टांगूनच ठेवत, जो येईल त्याच्यासाठी.

म्हणून आत्याबाईंकडे जा. याच आठवड्यात जा, दिवाळीची वाट पाहू नका. काकाजींना बरोबर नेऊ नका. त्यांच्याकडे वेगळं जा, तेवढ्याच आदराने. दोघं समोरासमोर आले की एक बोलेल आणि दुसरं गप्प बसेल. फोटो मोठा छापून न्या, सकाळच्या उजेडात दाखवा, मोबाइलवर आवाज टिपून घ्या. “हे आपले पणजोबा ना?” असं विचारू नका, त्या हो म्हणतील. “यात कोण कोण दिसतं?” एवढंच विचारा आणि थांबा. तुमचे पणजोबा म्हणजे त्यांचे सख्खे आजोबा, त्यांनी पाहिलेला माणूस. चेहऱ्यावर अडल्या तर दागिन्यांवर या. पुरुषांना पदं आणि हुद्दे आठवतात, बायकांना दागिने आठवतात, कारण ते त्यांच्या हातांतून गेलेले असतात. ही पुतळ्यांची माळ कोणाकडे गेली, हे गोठ कोणी मोडले, ती वज्रटीक कोणाच्या लग्नात निघाली, असं विचारत गेलात तर खुर्चीजवळच्या त्या बाईचं घर तरी नक्की सापडेल. दागिना घर सांगतो, नाव नाही, कारण तो सासूकडून सुनेकडे जातो आणि शेजारणीला उसनाही मिळतो. नावासाठी नाशिक-त्र्यंबकच्या किंवा काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. घरातलं कोणी तिकडे जाऊन आलं असेल तर पिढ्यांची नावं तिथे लिहिलेली सापडतात.

नावं फोटोवर लिहू नका, पाठीमागे बॉलपेनने तर नाहीच. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून तेवीस डोक्यांच्या नुसत्या कडा हलक्या हाताने काढा. पेन्सिल दाबू नका, खाली फोटोवर वळ उठतो. प्रत्येकाला आकडा द्या. मग वहीत आकड्यासमोर नाव, ते कोणी सांगितलं, कोणत्या दिवशी सांगितलं, आणि कशावरून. ‘क्र. ९: पणजोबा, असं काकाजी म्हणतात, दिवाणखान्यातल्या फोटोवरून.’ ‘क्र. ९: आत्याबाईंना ओळखू आले नाहीत.’ दोन्ही ओळी राहू द्या. दिवाळीत प्रत वाटाल तेव्हा ट्रेसिंगचं ते पानही सोबत छापा आणि रिकाम्या आकड्यांपुढे जागा सोडा. जमलेल्यांपैकी कोणाच्या घरी याच नाटकाचा दुसरा फोटो असू शकतो.

मूळ फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये घालू नका, सेलोटेप लावू नका, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर परत ठेवूच नका. आपल्या मे महिन्यात तिथे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. कागदी पाकिटात घालून खालच्या मजल्यावरच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा.

चौकट उघडलीत की पुठ्ठ्याच्या खालच्या पट्टीचा आणि त्या नथवालीच्या कपाळाचा जवळून घेतलेला फोटो मला पाठवा. आणि आत्याबाईंना विचारा, तो पेटीवाला कोण? तेवीस जणांत त्याच्याबद्दल तुमच्या घरात अजून कोणी काहीच म्हटलेलं नाही.